वहीची मागची बाजू

"कुठं अडलं?"

माणूस भेटला की आपण 'बरं आहे ना' म्हणतो, 'जेवण झालं का' विचारतो. ते हे विचारायचे. आणि नुसतं विचारायचे नाहीत, तर पायजमा गुडघ्यापाशी चिमटीनं वर ओढून समोर उकिडवे बसायचे. मग तो वसतिगृहाचा व्हरांडा असो, मेसची रांग असो की शेताचा बांध असो. ते खाली बसलेले आणि आपण उभे, हे बरं दिसत नाही म्हणून आपल्यालाही बसावं लागायचं. एकदा बसलं की माणूस सांगायला लागतो, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

एकदा स्टेशनच्या रस्त्यावर टांग्याचं घोडं अडून बसलं. टांगेवाला चाबूक ओढून दमला. आमचे हे महाशय घोड्याच्या तोंडासमोर उकिडवे! टांगेवाला म्हणाला, "अवो, त्ये बोलत न्हाई." हे म्हणाले, "बोलत न्हाई, पन सांगायलंय की." आणि पुढच्या खुरात रुतलेला खडा काढून त्यांनी टांगेवाल्याच्या तळहातावर ठेवला. मी टांग्यात बसलो होतो आणि पोट धरून हसत होतो. त्या दिवसांत मी फार हसायचो.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. वयानं ते आमच्याहून पाचसहा वर्षांनी मोठे होते, पण अगदी कोवळ्या पोरालाही 'तुमी' म्हणायचे. पाथरीकडच्या एका खेड्यातलं शेतकरी घर. मी परभणीच्या शेतकी कॉलेजात आलो तेव्हा ते पहिल्याच वर्षाला होते, तिसऱ्यांदा. बाकीचे सगळे विषय सुटले होते, इंग्रजी दोनदा राहिलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

तो काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. निजामाचं राज्य गेलं होतं, मग हैदराबाद राज्यही मोडलं आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. राज्यं बदलली ती एका दिवसात, पण आमच्या डोक्यात तिन्ही एकदमच नांदत होती. घरात मराठी, शाळेत उर्दू आणि आता कॉलेजात इंग्रजी. माझ्यासारख्यांचं उर्दू दोनतीन इयत्तांत आटोपलं. भाऊ मात्र दहावीपर्यंत सगळं उर्दूत शिकलेले. हिशेब उर्दूत, भूगोल उर्दूत. त्यांच्या वह्या उजवीकडून डावीकडे भरायच्या. मला ती लिपी वाचता यायची, कारण माझे वडील तहसील कचेरीत होते आणि त्यांनी घरी छडी घेऊन शिकवली होती. बाकीच्या बहुतेक पोरांना ते नुसतं नक्षीकाम वाटायचं.

आता वहीची गोष्ट. पहिल्या सहामाहीनंतर एक खेड्यातला मुलगा वळकटी बांधून घरी निघाला. वर्गात काय चाललंय तेच त्याला कळत नव्हतं. भाऊ त्याच्या वळकटीसमोर बसले. "कुठं अडलं?" मुलगा रडायला लागला. भाऊंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मला हाक मारली. मी तालुक्याच्या शाळेतला, माझं इंग्रजी वर्गात पहिलं. पण माझा नांगर सरळ चालायचा नाही. प्रात्यक्षिकात माझं तास असं वाकडं जायचं की बैलसुद्धा मागं वळून बघायचे. भाऊ म्हणाले, "ह्यांचं इंग्रजी चांगलं हाय, तुमचं औत चांगलं हाय. लागली की जोडी. सोडा वळकटी."

वळकटी सुटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणखी दोन जोड्या लागल्या. मग भाऊंनी एक जाडजूड वही आणली, तिच्या कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवली आणि मेसच्या दाराशेजारी खिळ्याला अडकवली. एक पेन्सिलही बांधली. या वहीला आम्ही 'अडलेली वही' म्हणायचो. ज्याचं जे अडलं असेल ते त्यानं त्यात लिहायचं. नाव लिहायचं नाही. ज्याला ते येत असेल त्यानं खाली जागा आणि वेळ लिहायची: लिंबाखाली, पाच वाजता. आणि समजलं की ज्याचं अडलं होतं त्यानंच ती ओळ आपल्या हातानं खोडायची. "सांगनाऱ्यानं खोडायचं न्हाई," भाऊ म्हणायचे. "सांगनाऱ्याला लवकर वाटतंय, की समजलं म्हनून."

शिकवायला कुणाला घ्यायचं याबद्दल त्यांचं एक चमत्कारिक मत होतं. त्या विषयात एकदा तरी आपटलेला माणूस त्यांना लागायचा. वर्गात पहिला येणारा एक हुशार मुलगा स्वतःहून आला, तर हे त्याला इतक्या अदबीनं नको म्हणाले की त्याला तो मानच वाटला. "तुमाला कदी अडलंच न्हाई. मंग दुसऱ्याचं कुठं अडायलंय ते तुमाला कसं दिसंल?" खरं तर मीही इंग्रजीत कधी आपटलो नव्हतो. मला घेतलं ते केवळ वाकड्या तासाच्या पुण्याईवर.

भाऊ स्वतः मोजणी शिकवायचे. जरीब, म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी, खांद्यावर टाकून चालले की कारभारी शोभायचे. समजावून झालं की आपल्या हातातली पेन्सिल समोरच्याच्या हातात द्यायचे. "आता तुमी सांगा, मी ऐकतो. मला काईच येत न्हाई असं समजा." मग त्या मुलानं त्यांना शिकवायचं. ते मुद्दाम चुका करायचे, डोकं खाजवायचे, "ह्ये काहून असं?" म्हणून विचारायचे. मुलगा चिडून पुन्हा सांगायचा आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच कळायचं.

संध्याकाळी दहावीस पोरं कोंडाळं करून बसलेली पाहून आमच्या वसतिगृहाच्या साहेबांना संशय आला. ते पुण्याकडचे, नवीन बदलून आलेले. या मुलखात मागच्या काही वर्षांत काय काय झालं ते त्यांनी ऐकलं होतं. पोरांची सभा भरते म्हणजे काहीतरी शिजतंय, असं त्यांना वाटलं. ते तावातावानं आले. भाऊ त्यांच्यासमोरही उकिडवे बसले. "साहेब, कुठं अडलं?" आमचा जीव वरखाली. साहेब उभेच राहिले, पण म्हणाले, "इथल्या जमिनीचे जुने कागद सगळे उर्दूत आहेत हो. मला एक अक्षर लागत नाही." भाऊंनी दोन दिवसांत ते कागद वाचून मराठीत उतरवून दिले. त्यानंतर व्हरांड्यात दोन सतरंज्या आल्या.

साहेबांकडे ते कागद देऊन परत येताना भाऊ मला म्हणाले, "उर्दूचं काम आता एवढंच राह्यलं. जुने कागद वाचायचं." मी त्यावरही काहीतरी विनोद केला असणार.

एक दिवस पिंगळीच्या रस्त्याला मोजणीचं प्रात्यक्षिक होतं. जरिबीचं एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली, तेव्हा ते आपणहून बोलले. तसं कधी बोलत नसत.

"धाकटा माजा सातवीतून उठला. हुशार व्हता माज्यापरीस. आबा थकले तवा म्हनला, दादा, एकानंच शिकावं, तुमी शिका, मी औत बघतो. मी काई बोललो न्हाई. बोलाया पायजे व्हतं." भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "ही तिसरी बारी हाय. विद्यापीठाचा कायदाच तसा. ह्या इम्तिहानात इंग्रजी राह्यलं की नाव काडतेत. मंग त्याचंबी शिकनं गेलं आन माजंबी."

मी म्हणालो, "होईल हो भाऊ. तुम्ही एवढ्यांना पास करणार, मग तुम्ही राहता होय?"

असं आपण सहज म्हणतो. धीर दिल्यासारखं वाटतं आणि आपल्याला काही करावंही लागत नाही.

त्याच आठवड्यात ते एक कागद घेऊन आले. वसतिगृहाच्या विहिरीचं पाणी खराब झालं होतं आणि साहेबांना इंग्रजीत अर्ज द्यायचा होता. "ह्ये जरा बगा," ते हळूच म्हणाले. आजूबाजूला सतरंजीवर सगळी पोरं बसलेली. मी कागद उघडला, पहिली ओळ वाचली आणि मला राहवलं नाही. मी तो मोठ्यानं वाचला.

तुम्हालाही शाळेत इंग्रजीचा एकच अर्ज घोकून घेतला असेल, आजारपणाच्या रजेचा. आम्हा सगळ्यांना तो झोपेतही यायचा. भाऊंना इंग्रजीतला अर्ज म्हणजे तोच ठाऊक. त्यांनी त्यातला 'मी' काढून तिथं विहीर घातली होती. मधे पाणी खराब असल्याची एक ओळ त्यांची स्वतःची होती, मोठ्या कष्टानं जुळवलेली. बाकी सगळं जसंच्या तसं. म्हणजे मराठीत सांगायचं तर, वसतिगृहाची विहीर कालपासून तापानं आजारी असल्यामुळे वर्गात हजर राहू शकत नाही, तरी तिला कृपा करून दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी.

पोरं सतरंजीवर लोळली. ज्याची वळकटी भाऊंनी सोडवली होती, तोही हसला. भाऊसुद्धा हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "चांगलं झालं, तुमी वाचला," म्हणाले. "साहेबापाशी गेला असता तर?" अर्ज मग मीच लिहून दिला, दोन मिनिटांत. तो त्यांना लिहायला शिकवावा, हे माझ्या मनात आलं नाही. त्यांनी पुन्हा कधी इंग्रजीचा कागद माझ्यापुढे धरला नाही, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

विहिरीचा ताप मात्र वसतिगृहात चांगला महिनाभर टिकला. तो टिकवण्यात माझा हात मोठा होता. मी सकाळी सहाला आंघोळीला निघायचो, तेव्हा भाऊ विहिरीच्या कठड्यापाशी बसलेले दिसायचे. मांडीवर पुस्तक असायचं. मी जाता जाता रोज ओरडायचो, "काय भाऊ, विहिरीचा ताप बघायलात का?"

ते मान वर करायचे. मी बादली भरून घेईपर्यंत माझ्याकडे बघत राहायचे. मग म्हणायचे, "उतरंल की."

रोज हेच. मला तो आमच्या दोघांतला खेळ वाटायचा. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत तो चालला.

निकाल वर्तमानपत्रात आला. मेसच्या टेबलावर पेपर पसरून आम्ही एकेक नंबर शोधत होतो. वळकटीवाला सुटला. माझं तास वाकडं असूनही मी सुटलो. सतरंजीवर बसणाऱ्यांतला एकही राहिला नाही. भाऊ प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होते. त्यांचा नंबर शोधायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तो त्यांनी सकाळीच, पेपर आल्या आल्या, एकट्यानं शोधला होता, आणि तो नव्हता. आम्हाला ते बऱ्याच वेळानं समजलं.

साहेब स्वतः विद्यापीठाकडे लिहायला तयार झाले होते. भाऊ नको म्हणाले. "कायदा सगळ्यांला सारखा हाय, साहेब."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाथरीच्या गाडीनं ते गेले. ट्रंक मीच टपावर चढवली. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला. "वही बंद पडू देऊ नगा." एवढंच बोलले. मी 'नाही पडू देणार' म्हणून मान हलवली. मला रडू येत होतं, आणि ते लपवायला मी हसलो. गाडी हलताना त्यांनी माझं जे शेवटचं पाहिलं, ते ते हसू.

वही चालू राहिली. ती बंद पडू दिली नाही, एवढं मी नक्की केलं. पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता ती भरत आली, म्हणून नवे कागद शिवायला मी ती खिळ्यावरून काढली. सुतळी सोडली आणि पानं मोजायला मागून उघडली.

मागून उघडली, असं मी म्हणतो. उर्दू लिहिणाऱ्याची वही तिथूनच सुरू होते.

आमची बाजू पुढून भरत गेली होती. मागची बाजू कायम भिंतीकडे असायची, तिकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. तिथं भाऊंचं बारीक, स्वच्छ अक्षर होतं. आमच्यासारख्याच नाव नसलेल्या ओळी, एकाखाली एक. पहिली ओळ अशी होती: स्वतःच्या मनानं अर्ज लिहायचा तर सुरुवात कुठून करावी? त्याखाली त्यांनी दोन बोटं जागा सोडली होती, उत्तर देणाऱ्याला जागा आणि वेळ लिहायला. मग दुसरी: मनात मराठीत येतं, वाचलेलं उर्दूत आहे, लिहायचं इंग्रजीत. तोवर घंटा होते. काय करावं? पुन्हा दोन बोटं जागा. मग तिसरी: 'माझं गाव' या निबंधात दोन ओळींच्या पुढे जाता येत नाही. गाव तर सगळं डोळ्यांपुढे आहे. पुन्हा जागा. अशा बऱ्याच.

आणि सगळ्यांत शेवटी, जे कधी विचारणारा लिहीत नसे, ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं. मी रोज सकाळी सहाला विहिरीपाशी असतो.

वसतिगृहात उर्दू वाचणारे आम्ही किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला इंग्रजी येणारा मी एकटा. म्हणजे मागची सगळी बाजू माझ्यासाठीच लिहिली होती. चारचौघांत पुन्हा कागद धरायची त्यांना हिंमत झाली नसेल, किंवा मला पुन्हा हसायची पाळी यावी असं वाटलं नसेल. त्यांचा स्वभाव पाहता दुसरंच खरं असावं. आणि मी रोज सकाळी सहाला तिथं जात होतो. हातात बादली घेऊन, त्यांच्यापासून चार हातांवरून. ते बोलत नव्हते, पण सांगत होते की. घोड्याचं त्यांना कळलं, त्यांचं मला कळलं नाही.

प्रत्येक ओळ खोडलेली होती. एकाच शाईनं, एकाच दिवशी, पट्टीनं ओढावी तशी सरळ. समजल्याशिवाय खोडायचं नाही हा नियम ज्यांनी घातला, त्यांनीच तो एकदा मोडला होता. जाताना मागं कुणाचं काही अडलेलं दिसू नये म्हणून मोडला असेल.

त्या रविवारी मी वही घेऊन पाथरीच्या गाडीत बसलो. तिथून त्यांचं गाव दोन कोस पायी. घर विचारत गेलो. भाऊंसारखंच नाक, तशीच मान वर करून बघायची सवय, असा एक तरुण अंगणात औताचा दोर वळत बसला होता. हाच धाकटा. त्यानं घोंगडी टाकली, पाणी दिलं.

"दादा न्हाईत. येलदरीला गेलेत, धरनाच्या मोजनीवर. जरीब वढायला."

ज्यांनी आम्हाला साखळीचा हिशेब शिकवला, ते दुसऱ्या कुणाच्या हिशेबासाठी साखळी ओढत होते. मी विचारलं, कधी येतील? तो म्हणाला, सणाला येतात कधी, कधी येत नाहीत. मग मी माझं नाव सांगितलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"तुमीच का ते! दादा लय सांगायचे तुमचं. म्हनायचे, लय हसरा मानूस हाय. त्यो आसला की समद्यांला बरं वाटतंय."

त्यात टोमणा नव्हता. भाऊंनी सांगितलं तसं त्यानं सांगितलं.

मी पेन्सिल मागितली. ती देऊन तो बैलांना पाणी दाखवायला गेला. त्याच्या अंगणात बसून, प्रत्येक खोडलेल्या ओळीखाली त्यांनी सोडलेल्या त्या दोन बोटं जागेत, उर्दूत उत्तर लिहिलं. अक्षर माझं मोडून गेलं होतं, तरी लिहिलं. शेवटच्या ओळीखाली लिहिलं: तुम्ही म्हणाल त्या जागी, तुम्ही म्हणाल त्या वेळी. आणि त्याखाली, वहीत कधी लिहायचं नसतं ते, माझं नाव घातलं.

धाकटा परतल्यावर वही त्याच्याकडे दिली. त्यानं पहिली पानं चाळली, आमची, मराठी. शाळा सुटलेल्या माणसासारखी, जरा सावकाश, बोट फिरवत. मग उठून सुतळीनं ती दाराजवळच्या खुंटीला नीट अडकवली. पुढची बाजू बाहेर, मागची भिंतीकडे.

मी उठलो आणि ती उलटी करून लावली.

"तिकडून कोरी हाय की वो," तो म्हणाला.

"कोरी नाही," मी म्हणालो. "असू द्या अशीच. भाऊ आले की त्यांना दिसेल."

पुढं अनेक वर्षं मी सकाळी सहाला उठत राहिलो. येलदरीहून कधी काही आलं नाही.